लोड हाय

आमच्या घरात दोन शब्दांवर चूल पेटायची. बाबांचा मोबाइल वाजला की ते तो कानापासून वीतभर लांब धरायचे, कारण पलीकडे मिरकरवाड्याच्या जेटीवरून मालकाचा माणूस दिनू बोलत नसे, बोंबलत असे. "लोड हाय, ये!" एवढंच. नमस्कार नाही, चमत्कार नाही, फोन बंद. बाबा मासळीचा ट्रक चालवायचे. बोटी लागल्या, बांगडा-म्हाकूल उतरलं, बर्फ घालून खोकी भरली की त्याचा झाला लोड, आणि तो बर्फ वितळायच्या आत मुंबईच्या बाजारात नेऊन टाकायचा हे बाबांचं काम. आई आतून विचारायची, "हाय?" बाबा म्हणायचे, "हाय." मग तांदळाच्या भाकऱ्यांची थापथाप सुरू व्हायची, तव्यावर सुकट पडायची, त्या वासानं शेजारच्या सुलभाकाकीचं मांजर आमच्या पायरीवर येऊन बसायचं, आणि बाबा मोरीतून ओरडायचे की माझा टॉवेल कुणी पळवलान. टॉवेल त्यांच्याच खांद्यावर असायचा. भाकऱ्या फडक्यात, चहा थर्मासमध्ये आणि सोलकढीची बाटली वेगळी. भाट्याच्या पुलाशी रिक्षा मिळेपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत जायची आणि ते मला वाटेत काहीतरी फालतू सांगून हसवायचे. घरी परत आले की मुंबईच्या खाऱ्या बिस्किटांचा पुडा. माझं लहानपण मला विचाराल तर सुकटीचा वास, तो पुडा आणि दिनूची ती बोंब, एवढंच आहे.

मग एकदा कशेडी घाटात त्यांचा डावा हात स्टिअरिंगवरून खाली पडला आणि परत वर आलाच नाही. उजव्या हातानं आणि पायानं त्यांनी ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक लावायला मात्र क्लीनरला सांगावं लागलं. ट्रकला ओरखडाही नव्हता. हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं, स्वतःला काय झालं ते सांगण्याच्या आधी. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, मुंबईकडचा, त्याची बोलायची तऱ्हा तशीच. "काका, आता कसला लोड घ्यायचा नाय," तो म्हणाला. बाबा घाबरून म्हणाले, "किती दिवस?" डॉक्टरला वाटलं काकांनी विनोद केला. मालक घरी येऊन गेले, शहाळी घेऊन आले. भाट्यात, नारळांच्या गावात, शहाळी! जाताना पायरीवर म्हणाले, "आराम कर. बरा झालास की बोलावतो." गाडी त्यांनी तोवर दुसऱ्याला दिली होती. तो हात परत गिअर टाकण्याएवढा व्हायचा नाही हे आईला कळलं होतं, मला कळलं होतं, मालकांना तर शहाळी घेतानाच कळलं असणार. कळलं नव्हतं फक्त ज्याचा हात होता त्याला. आणि त्याला सांगायचं कुणी?

सांगितलं कुणीच नाही. बाबांनी आईचा दगडी खल ओटीवर आणला, खुर्चीच्या डाव्या बाजूला स्टुलावर ठेवला, आणि त्यातला बत्ता हा त्यांचा गिअर झाला. रोज दुपारी जेवण झालं की ते खुर्चीत बसायचे, डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं उचलून बत्त्यावर एकेक करून ठेवायचे आणि सुरू. पहिला. दुसरा. दगडावर दगड घासल्याचा आवाज घरभर फिरायचा. तिसऱ्याला हात सुटायचा आणि बत्ता खलाच्या काठावर आपटायचा. "परत," ते स्वतःलाच म्हणायचे. आई आत वाटण पाट्यावर करायची, लसूण फडक्यात बांधून बाहेरच्या चिऱ्यावर ठेचायची, पण खल मागायची नाही. मोबाइल शर्टाच्या खिशात, सदैव चार्ज केलेला. आठवड्यातून दोनचारदा ते मला म्हणायचे, "बायो, जाताना बूथवरनं येक मिस कॉल मार गो. वाजतोय ना बघू." मी मारायची. वाजायचा. वाजतो हे कळलं की, आई सांगायची, ते तो पुसून परत खिशात ठेवत.

मी तेव्हा कॉम्प्युटरचा कोर्स करून रत्नागिरीत देवधर सरांच्या ऑफिसात लागले होते. ऑफिस कसलं, दोन खोल्या. बागायतदारांच्या वेबसाइट सर चालवायचे. मुंबई-पुण्याची आणि परदेशातली माणसं त्यावर हापूसच्या पेट्या मागवत. मागच्या खोलीत त्यासाठी एक लिनक्सवर चालणारा सर्व्हर होता, पंखा एवढा जोरात की शेजारचा टेलर विचारायचा तुमच्याकडं पिठाची गिरण आहे का. आंब्याचे दिवस आले की त्या मशीनचा जीव घुसमटायचा. सगळे एकदम ऑर्डर टाकायला बसले की साइट गार, आणि सरांना ते कळायचं कधी, तर दुबईहून कोणीतरी शिव्या घातल्यावर. "सुजाता," सर म्हणाले, "मशीन मरायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. एक स्क्रिप्ट लिही." जसं काही मी जन्मभर तेच करत होते.

पण मी लिहिली. आज माझ्या हाताखालची मुलं असलं काही लिहीत नाहीत, विकत घेतात; रंगीत आलेख भिंतीवर नाचत असतात. माझी स्क्रिप्ट म्हणजे मशीनला दिलेल्या जेमतेम पानभर सूचना. लिनक्स एक आकडा सतत लिहून ठेवतं, त्याला लोड म्हणतात. तो आकडा उचलायचा, ठरवलेल्या मर्यादेच्या वर असला तर ओरडायचं, नसला तर गप्प बसायचं, आणि दर थोड्या वेळानं परत बघायचं. बस. पण तो आकडा टिंबाचा, आणि मी ज्या बॅश नावाच्या भाषेत लिहीत होते तिला अपूर्णांकांची तुलना जमत नाही. मशीन सारखं माझ्यावर खेकसायचं की पूर्णांक दे. शेवटी मी वैतागून टिंबाच्या पुढचं सगळं छाटून टाकलं. ओरडण्यासाठी सरांचा एक जुना मोबाइल केबलनं सर्व्हरच्या पाठीला बांधला, तो मेसेज पाठवणार. कुणाला? सरांना, आणि मला. माझ्याकडं फोन नव्हता. मी सुटीच्या दिवशी घरी असले तरी कळावं म्हणून घरातला एकुलता एक नंबर घातला, बाबांचा. मेसेजात मराठी अक्षरं तेव्हा उमटत नसत, म्हणून इंग्रजीत दोन शब्द आणि पुढं आकडा: लोड हाय. म्हणजे लोड फार झालाय. मी तेव्हा मनातल्या मनातसुद्धा ते शिकलेल्या इंग्रजीतच वाचत होते. बोलताना 'आहे' म्हणायची सवय मला कॉलेजानं लावली होती.

स्क्रिप्ट पहिल्यांदा बोलली ती चैत्र सरता सरता एका दुपारी. अक्षयतृतीया तोंडावर आली होती, पेट्यांची नुसती झुंबड. सर समोरच्या टेबलावर आंबापोळी चघळत होते आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि खुर्चीतून उडालेच. "चौदा! अगं, आली! चालली तुझी स्क्रिप्ट!" मी मागच्या खोलीत धावले, अडकलेल्या गोष्टी एकेक करून मोकळ्या केल्या. लोड उतरण्याऐवजी चढतच होता, फोन परत वाजला, सतरा. परत वाजला, एकोणीस. पण साइट पडली नाही. पहिल्यांदाच पडली नाही. सरांनी टेलरला, बाहेरच्या चहावाल्याला, सगळ्यांना बोलावून मशीन दाखवलं. मला नारळाची बर्फी आणली. घरी जाताना एसटीत मी एकटीच हसत होते, समोरच्या बाईनं पदर सारखा करून घेतला.

घरी आले तर आई पायरीवर उभी, तोंडभर हसू. आजाराच्या दिवसापासून तिचे दात मी पाहिले नव्हते. "बायो," ती म्हणाली, "बाबांना लोड आला गो!" घरभर सुकटीचा वास होता. ओटीवर खल होता, खुर्ची रिकामी होती. माझ्या हातातली बर्फी मी कुठं ठेवली ते आजही आठवत नाही.

झालं होतं ते असं. दुपारी खिशात फोन टिंग वाजला. बाबांना इंग्रजी वाचता यायचं नाही, ते सुलभाकाकीकडं गेले. काकी अंगणवाडीत शिकवायची. तिनं डोळे बारीक करून मोठ्यानं वाचलं, "लोड... हाय. चौदा." आता यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. तिनं बरोबर वाचलं, त्यांनी बरोबर ऐकलं. इतके दिवस ज्या दोन शब्दांची वाट बघितली तेच दोन शब्द आले. बाबा म्हणाले, "चौदा टन! येका गाडीत कसा बसंल? दोन गाड्या लागतील." मग परत टिंग. सतरा. "वाढला! मच्छी मोप लागल्ये. ड्रायव्हर पुरत नसतील, म्हणून मला बोलावलान दिनूनं." आलेल्या नंबरावर त्यांनी उलट फोन लावला. तो बिचारा सर्व्हरच्या पाठीला बांधलेला, उचलणार कुठून! "उचलत नाय. घाईत हायत." त्यांनी दाढी केली, एका हातानं, दोन ठिकाणी कापून घेतलं. आईनं भाकऱ्या थापल्या. तिला संशय आला नाही का, हे मी तिला पुढं विचारलं. ती म्हणाली, "आला. पण त्यांचं तोंड बघितलं असतंस ना, तूपण भाकऱ्याच थापल्या असत्यास."

मी तशीच रिक्षा करून जेटीवर गेले. ऊन उतरलं होतं. बोटी सुस्त डुलत होत्या, मासळी अशी नव्हतीच त्या दिवशी. पाण्यात सांडलेलं डिझेल, बर्फाच्या गिरणीचा आवाज, कावळे. ट्रक रांगेत उभे होते आणि त्यातल्या बाबांच्या, म्हणजे पूर्वी बाबांच्या असलेल्या, ट्रकाजवळ घोळका होता. आत बाबा बसले होते. ड्रायव्हरच्या जागेवर. मांडीवर भाकऱ्यांचं फडकं, डावा हात गिअरवर, उजव्या हातानं तिथं नेऊन ठेवलेला. खाली दिनू उभा. इतकी वर्षं बोंबलणारा दिनू हळू आवाजात सांगत होता, "दादा, मी नाय बोलावलं. आईशपथ. उतर ना रे." बाबा म्हणत होते, "मेसेज हाय माझ्याकडं. तीन-तीनदा आलाय." कुणीतरी मेसेज वाचला. कुणीतरी म्हणालं, हा नंबर कुणाचा? मग मी पोचले, आणि मला सांगावंच लागलं. ऑफिसातलं मशीन आहे, त्याचा लोड. आमच्या मशीनचा. क्षणभर कुणाला काही कळलं नाही आणि मग मागून एकजण फिस्सकन हसला, "काकांना कंप्युटरनं बोलावलान!" बाकीचेही हसले. दुष्टपणानं नाही हो, असं काही ऐकल्यावर माणूस हसतंच. दिनू तेवढा हसला नाही. पण त्या हसणाऱ्यांचा माझ्या मनात एवढा संताप भरला की आजही मिरकरवाड्याच्या मासळीला मी हात लावत नाही. बाबा खाली उतरले. उतरताना त्यांनी भाकऱ्यांचं फडकं नव्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. "खा," म्हणाले, "गरम हायत."

परतताना पुलाच्या अलीकडंच त्यांनी रिक्षा सोडायला लावली. चालूया म्हणाले. खाडीवर वारा होता, त्यांचा डावा हात त्या वाऱ्यानं हलत होता, आपोआप. पुलाच्या मध्यावर त्यांनी विचारलं, "मग तो लोड कसला?" मी म्हटलं, "बाबा, जेटीवर गाड्या रांगेत उभ्या असतात ना, आपला नंबर कधी लागतो म्हणून? मशीनमध्ये तशीच कामं रांगेत उभी असतात. किती जण थांबलेत, तो आकडा."

"चौदा जण थांबलेले?"

"हो."

"आणि काम करणारा येकच?"

"एकच मशीन आहे."

"बिचारा," बाबा म्हणाले. थोडं चालल्यावर परत म्हणाले, "माझा नंबर काढू नको. असू दे."

मी काढला नाही. तुम्हाला वाटेल, इथून पुढं सगळं गोड झालं. मलाही काही महिने तसंच वाटत होतं. बाबा सर्व्हरचे राखणदार झाले. टिंग वाजलं की ते आकडे ओळखायला शिकले, मोबाइलचे पैसे वाचवायला रस्त्यापलीकडच्या दुकानातून ऑफिसात फोन करायचे: "सुजाता, नऊ जण थांबलेत गो. बघ जरा." मला आकडा आधीच दिसत असायचा. मी म्हणायची, "बघते, बाबा." सर कंटाळायचे, पण बोलायचे नाहीत. मग आंबा संपला, पाऊस लागला, साइटवर कुत्रं फिरकेना. मेसेज थांबले. बाबा रोज विचारायचे, "आज कोण नाय?" एकदा मान खाली घालून म्हणाले, "ती तुझी मर्यादा जरा खाली आण ना. दोघं थांबले तरी बोलाव. येक थांबला तरी चालंल." मी आणली. एका आकड्याचा तर बदल, स्क्रिप्टला काय फरक पडतो? काही दिवस पुन्हा टिंग वाजलं. दुपारी खलात बत्ता फिरायचा, पहिला, दुसरा, आणि मध्येच फोन वाजला की ते बत्ता सोडून उजवा हात खिशात घालायचे. डॉक्टरकडं मात्र आता ते यायला तयार नव्हते. हात होता त्याहून वाळत चालला होता. आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो आणि कामाला लागायचो.

पुढच्या आंब्याच्या आधी सरांनी सगळ्या वेबसाइट मुंबईच्या कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या मशीनवर हलवल्या. "आता लोडची चिंता त्यांची," ते खुशीत म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं. मागची खोली टेलरनं भाड्यानं घेतली. सर्व्हर भंगारात द्यायचा होता, तो मी मागून घेतला आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणला. का आणला? मला वाटलं होतं, ओटीवर चालू ठेवू, केबलला फोन बांधू, बाबांना तेवढंच. त्या वयात माणसाला वाटतं, प्रत्येक गोष्टीवर एक स्क्रिप्ट असते.

ऑफिसातून उचललेला जुना मॉनिटर लावला. पंखा घुमायला लागला आणि बाबा खुर्ची ओढून जवळ बसले. खुश दिसत होते. "कसा हाय तो?" म्हणाले, जसं आजाऱ्याला भेटायला आलेत. मी कमांड दिली आणि काळ्या पडद्यावर ओळ उमटली. यावेळी टिंब होतं, पुढचं मी छाटलं नव्हतं. बाबांनी बोट ठेवलं. आकडे त्यांना वाचता यायचे.

"शून्य," ते म्हणाले. "टिंब शून्य शून्य."

"हो, बाबा."

"म्हंजे कोणच थांबलेला नाय?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. आत्ताच चालू केलाय, जरा वेळ जाऊ दे, असं काहीही. पण त्यांनी मला इतक्या सरळ विचारलं होतं की खोटं तोंडातून निघेना. "कोणच नाय," मी म्हटलं. किती दिवसांनी मी त्यांच्यासारखं 'नाय' म्हटलं.

त्यांनी पडद्यावरचं बोट काढलं. आज मी पुण्यात बसून ढीगभर मशीन सांभाळते. लोड शून्यावर आला की माझ्या टीममधली मुलं टाळ्या देतात, चहाला जातात. मी माझा पडदा दुसरीकडं फिरवते. त्या शून्याची भीती काय असते ते त्यांना कसं सांगू?

"मग बंद कर, बायो," बाबा म्हणाले. "उगाच चालू ठेवून काय करायचं."

मी बंद केला. पंखा हळूहळू थांबेपर्यंत ते तिथंच बसले, मग खिशातला मोबाइल काढून मशीनवर ठेवला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. संध्याकाळी फोनची बॅटरी संपत आल्याची टिकटिक सुरू झाली. आई चार्जर घेऊन गेली, ते म्हणाले, "राहू दे."

त्यानंतरही ते बरीच वर्षं होते. जेवायचे, विचारलं तर बोलायचे. पण सर्व्हर बंद केला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई ओटीवर आली आणि स्टुलावरचा खल उचलून तिनं आत नेला. बाबा बघत होते. त्यांनी तो परत मागितला नाही.